खोकल्याचे सिरप : चिठ्ठी ज्याची, औषध त्याचेच

मी रुग्णालयात नर्स होते तेव्हाची ही गोष्ट आहे. रात्रपाळी होती, दोन वाजून गेले होते. एक तरुण आईबाप तीन वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून धावत आले. मूल झोपलेले दिसत होते, पण हाक मारली तरी डोळे उघडेना. मी छातीकडे पाहून श्वास मोजले. मिनिटाला आठ. त्या वयाच्या मुलाचे श्वास वीस-पंचवीसच्या पुढे असायला हवेत. पापणी वर करून पाहिले तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

"काही औषध दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारले.

"खोकला थांबत नव्हता जी. बाबांचं सिरप होतं घरात, तेच दोन चमचे देल्लं. तासाभरानं पुन्हा एक. मग शांत झोपला."

कोणता चमचा, असे मी विचारले. पोहे खायचा. आजोबांना ते सिरप डॉक्टरांनी लिहून दिले होते, त्यात कोडीन होते. मोठ्या माणसाच्या तीन वेळच्या मात्रेएवढे औषध त्या लेकराच्या पोटात गेले होते. वडील घाईत बाटली खिशात घालून आले होते, म्हणून नेमके काय झाले ते पाच मिनिटांत कळले आणि उलट परिणाम करणारे इंजेक्शन देता आले. मूल वाचले. सकाळी त्याने चहा मागितला तेव्हा त्याची आई माझा हात धरून खूप वेळ रडली.

त्या आईची चूक काय होती? तिने मुलाला मारले नाही, टाकले नाही. तिने औषधच दिले होते. "आजोबांना गुण आला, नातवालाही येईल," एवढाच तिचा हिशेब. आपल्या घराघरांत हाच हिशेब चालतो. म्हणून या अंकात खोकल्याच्या सिरपचा धडा घेऊ या. धडा एका ओळीचा आहे : डॉक्टरांनी लिहून दिलेले सिरप ज्याच्या नावाने लिहिले त्यानेच, लिहिले तितकेच मिली, लिहिले तितकेच दिवस घ्यायचे. पण असे का, हे समजल्याशिवाय ती ओळ घरात टिकत नाही.

खोकला येतो कशासाठी?

श्वासाच्या नळीत धूळ, धूर, कफ किंवा जंतू अडकले की शरीर जोराने हवा बाहेर फेकते. तो खोकला. म्हणजे घर झाडणाऱ्या बाईसारखे त्याचे काम आहे. कफ भरपूर असताना खोकला दाबून टाकला तर केर घरातच राहतो. म्हणून "खोकला बंद करणारे औषध द्या" असे डॉक्टरांना सांगण्याआधी, खोकला कोरडा आहे की कफाचा, रात्री येतो की दिवसा, किती दिवसांचा आहे, धाप लागते का, एवढे तरी सांगावे. त्यावरच औषध ठरते.

साधा सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. सिरपही आजार बरा करत नाही, फार तर त्रास थोडा कमी करते.

बाटलीत असते काय?

सगळ्या बाटल्या लाल किंवा हिरव्या आणि गोड, म्हणून सगळे सिरप एकच असे आपल्याला वाटते. आत मात्र वेगवेगळी औषधे असतात.

• खोकला दाबणारी औषधे : कोडीन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन. ही मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर काम करतात. कोरड्या, झोप मोडणाऱ्या खोकल्यासाठी डॉक्टर ती देतात.

• कफ पातळ करणारी किंवा सोडवणारी औषधे : ॲम्ब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सीन, ग्वायफेनेसिन.

• श्वासनलिका मोकळी करणारी औषधे : टर्ब्युटालिन, लेव्होसाल्ब्युटामॉल. दम्याच्या खोकल्यात उपयोगी. यांनी हात थरथरणे, छातीत धडधडणे असे होऊ शकते.

• ॲलर्जीची, नाक सुकवणारी औषधे : क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन. यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते, लघवी अडू शकते.

• चोंदलेले नाक उघडणारे औषध : फिनाइलएफ्रिन. याने रक्तदाब वाढू शकतो.

बऱ्याच सिरपमध्ये यांतली दोन-तीन औषधे एकत्र असतात. शिवाय एकाच नावापुढे ‘डी’, ‘एलएस’, ‘प्लस’ अशी अक्षरे लावून वेगळी सिरप विकली जातात. नाव तेच, पण आतले औषध वेगळे. एक कफ सोडवणारे असते, दुसरे खोकला दाबणारे. म्हणून मेडिकलवर "मागच्या वेळी नेलं होतं तेच, लाल बाटलीवालं द्या" असे सांगून औषध आणू नका. चिठ्ठी दाखवा आणि नावापुढची अक्षरेसुद्धा जुळवून घ्या.

आणखी एक. सर्दीच्या काही सिरपमध्ये तापाचे औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, आधीच घातलेले असते. ते सिरपही दिले आणि वरून तापाचेही दिले, तर पॅरासिटामॉल दुप्पट होते. ते यकृताला घातक ठरू शकते. दोन बाटल्या घरी आल्या की विचारा, "या दोन्हींत एकच औषध तर नाही ना?"

कोडीन म्हणजे काय?

कोडीन हे अफूच्या कुळातले औषध आहे. पोटात गेल्यावर यकृत त्यातल्या काही भागाचे मॉर्फिन करते. मॉर्फिनने खोकला दबतो, दुखणे कमी होते, झोप येते. मात्रा जास्त झाली तर श्वासही दबतो. काही माणसांचे शरीर जन्मतःच कोडीनचे मॉर्फिन फार झपाट्याने करते. अशा माणसाला ठरलेली मात्राही जास्त होऊ शकते, आणि आपण त्यांतले आहोत की नाही हे पाहून कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये कोडीन असलेली खोकल्याची औषधे १८ वर्षांखालील कोणालाही देऊ नयेत असे ठरवले. युरोपातही १२ वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य आहे.

आपल्याकडे कोडीन ‘शेड्यूल एच-१’ या यादीत आहे. ही यादी २०१४ पासून लागू झाली. या यादीतील औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विकल्यावर दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि किती औषध दिले ते लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. अशा बाटलीवर लाल चौकटीत सूचना छापलेली असते. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मिश्र औषधांवर बंदीची अधिसूचना काढली, त्यात कोडीन आणि क्लोरफेनिरामिन यांचे एकत्र सिरपही होते. कोडीन दुसऱ्या औषधांसोबत मात्र अजून मिळते. तेव्हा लाल चौकट दिसली की "यात कोडीन आहे का?" हे विचारायचेच.

कोडीनचे सिरप डॉक्टरांनी दिले असेल तर घाबरून ते फेकून देऊ नका. ठरलेल्या मात्रेत, थोडे दिवस ते उपयोगी पडते. फक्त पुढचे नियम पाळा.

• दिवस संपले की औषध बंद. "अजून थोडी बाटली उरली आहे" हे पुढे घेण्याचे कारण नाही. रोज घेतल्याने सवय लागते.

• औषध घेतल्यावर दारू अजिबात नको. दोन्ही मिळून श्वास दाबतात.

• झोपेच्या गोळ्या, मनाच्या आजाराची औषधे, फिटची औषधे, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. डेक्स्ट्रोमेथॉर्फनसुद्धा नैराश्यावरील काही गोळ्यांसोबत घातक ठरते.

• गुंगी येते. ऑटो, ट्रक, दुचाकी चालवणाऱ्यांनी, पालट बांधून उंचावर काम करणाऱ्या गवंड्यांनी, यंत्रावर किंवा गटारसफाईवर जाणाऱ्यांनी डॉक्टरांना आपले काम काय ते सांगावे. "मी रात्री गाडी चालवतो" हे वाक्य औषध बदलू शकते.

• बद्धकोष्ठ होते. पाणी आणि पालेभाजी वाढवा. पोट दोन-तीन दिवस साफ झाले नाही तर सांगा.

डॉक्टरांना आधी काय सांगायचे?

दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, झोपेत घोरताना श्वास थांबत असेल, यकृत किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, काचबिंदू असेल, म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडखळत होत असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर औषध लिहिण्याआधीच सांगा. मधुमेह असेल तर सांगाच, कारण बहुतेक सिरप साखरेच्या पाकात असतात. साखर नसलेलेही मिळते.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने विचारल्याशिवाय खोकल्याचे कोणतेही सिरप घेऊ नये. कोडीनचे मॉर्फिन आईच्या दुधातून बाळात जाते. अंगावर पाजणारी आई डॉक्टरांकडे एकटीच गेली आणि बाळ घरी आजीकडे असले, तर डॉक्टरांना कळणार कसे? आपण सांगायचे.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला येतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते, जसे एनालाप्रिल, रामिप्रिल, त्या गोळ्या. अशी गोळी चालू असलेला माणूस महिनोन्महिने सिरप पीत राहतो आणि खोकला जात नाही. त्याने गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना दाखवावी, ते बदलून देतात.

मात्रा मिलीतच मोजा

चिठ्ठीवर ‘५ मिली’ लिहिलेले असते आणि आपण घरी ‘एक चमचा’ करतो. घरचा चहाचा चमचा वेगळा, पोह्याचा वेगळा, वाढायचा वेगळा. एकात तीन मिली मावते तर दुसऱ्यात दहा. मोठ्या माणसाला त्याने थोडा फरक पडेल, पण लहान मुलाला फार मोठा पडतो.

बाटलीसोबत खुणा केलेले झाकण येते. झाकण सपाट जागी ठेवा, डोळे खुणेच्या पातळीवर आणा आणि मग ओता. ‘टोपणभर’ ही मात्रा नाही. टोपण दहा किंवा पंधरा मिलीचेही असते. मुलांसाठी सुई नसलेली सिरिंज सर्वांत चांगली. मेडिकलवर ती थोड्या पैशांत मिळते. वापरून झाली की धुवून उलटी ठेवा.

‘दिवसातून तीन वेळा’ म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी. सकाळची वेळ चुकली म्हणून दुपारी दुप्पट घेऊ नका. चुकली ती सोडून द्या. रात्री खोकला वाढला म्हणून एक मात्रा मनाने वाढवायची नाही. घरात कोणी द्यायचे ते एकानेच ठरवा. आईने दिले, तासाभराने आजीने दिले, हे नेहमी होते. कॅलेंडरवर दिल्याची वेळ लिहून ठेवली की भांडण मिटते.

लहान मुलांना सिरप का टाळायचे?

छिंदवाडा आमच्या नागपूरपासून फार लांब नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांतली कितीतरी मुले उपचारासाठी नागपूरलाच आणली होती. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या सिरपच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. औषधात ते ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. हे कारखान्यात वापरायचे रसायन आहे. दिसायला आणि चवीला ते औषधात वापरतात त्या द्रवासारखेच गोडसर लागते, म्हणून घरी बसून कोणाला ओळखता येत नाही.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात भारतात बनलेल्या सिरपनंतर साठहून अधिक मुले गेली.

छिंदवाड्याच्या आईबापांना कोणी दोष देऊ नये. त्यांतल्या अनेकांनी डॉक्टरांनी लिहिलेले औषधच आणले होते. कारखान्यात तपासणी करणे हे कंपनीचे काम आणि ती झाली की नाही हे पाहणे सरकारचे काम. ते त्यांनी केले पाहिजे आणि ते आपण मागितलेही पाहिजे. पण आपल्या हातात जे आहे ते असे : ज्या मुलाला सिरपची गरजच नाही त्याला ते द्यायचे नाही.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने हेच सांगितले. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत. पाच वर्षांखालील मुलांना सर्वसाधारणपणे देऊ नयेत. त्याहून मोठ्या मुलांना तपासूनच, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, आणि अनेक औषधे एकत्र न करता द्यावीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना वापरू नये असा आदेश निघाला होता. म्हणजे डॉक्टरांनी चार वर्षांच्या मुलाला सिरप लिहिले तर "हे न देता चालेल का?" असे विचारणे उद्धटपणा नाही.

मग मुलाला काय द्यायचे? अंगावर पिणाऱ्याला जास्त वेळा पाजा. मोठ्याला कोमट पाणी, वरणाचे पाणी, पेज द्या. एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा चमचा मध द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच चाटवू नका, त्याने बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब मेडिकलवर मिळतात. चुलीचा धूर, बिडी, मच्छरची कॉइल यांपासून मुलाला दूर ठेवा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देऊ नका. त्यात भाजलेली मुले मी पाहिली आहेत.

मुलाचा श्वास मोजायला मात्र प्रत्येक आईने शिकावे. मूल शांत असताना पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, फार सुस्त असेल, तर सिरप शोधत बसू नका. लगेच दवाखाना.

मेडिकलवर आणि घरात

बाटली हातात घेतल्यावर सील तपासा. कंपनीचे नाव, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख पाहा. बिल मागा. बिलावर बॅच नंबर असतो. उद्या एखादी बॅच खराब निघाली तर आपल्या घरात तीच आहे का हे त्यावरूनच कळते. बिल आणि बाटलीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. लाजायचे काय? औषधाबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे.

घरी बाटलीवर दोन गोष्टी लिहा : कोणासाठी आणली आणि कधी उघडली. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच, बंद जागी ठेवा. फ्रिजमध्ये सरबताशेजारी नको. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका. मुलाला "हे गोड सरबत आहे, पी" असे सांगून औषध पाजू नका, नाहीतर ते एक दिवस स्वतःहून सरबत शोधेल. दिवस संपल्यावर उरलेले औषध पुढच्या पावसाळ्यासाठी किंवा शेजारणीसाठी ठेवायचे नाही. ते मातीत किंवा वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. बाटलीवरचे लेबल फाडून टाका.

जास्त झाले असे वाटले तर

माणूस हाक मारून उठत नाही, श्वास फार हळू किंवा थांबून थांबून चालतो, घशातून घरघर येते, ओठ-नखे निळसर होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसतात. ही कोडीन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. "झोपला आहे, झोपू द्या" म्हणून थांबू नका.

१०८ ला फोन करा. रुग्णाला एका कुशीवर वळवा म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, ताक, लिंबू काहीही तोंडात घालू नका. एक माणूस सतत श्वासावर लक्ष ठेवून राहा. बाटली सोबत न्या, रिकामी असली तरी न्या. आणि खरे सांगा. किती दिले, केव्हा दिले, कोणी दिले. भीतीने लपवलेल्या गोष्टीने उपचाराला उशीर होतो.

कोणतेही सिरप चालू असताना मुलाला उलट्या होऊ लागल्या आणि लघवी कमी किंवा बंद झाली, तर औषध थांबवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. छिंदवाड्याच्या मुलांमध्ये हेच दिसले होते.

दोन आठवड्यांचा खोकला

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणे, रात्री घाम, थुंकीत रक्त. यांतले काहीही असेल तर क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधे मोफत मिळतात. पोषणासाठी निक्षय योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे.

आमच्याच घरात माझे सासरे दोन महिने सिरप पीत राहिले. बाटली संपली की मुलगा नवीन आणायचा. मी नर्स असून रोज डबा घेऊन ड्यूटीवर जात होते आणि घरातला खोकला मला ऐकू येत नव्हता. थुंकीची तपासणी केली तेव्हा क्षय निघाला. त्यांचे औषध सुरू झाले आणि ते बरे झाले. पण त्या दोन महिन्यांत ते नातवाला रोज मांडीवर घेऊन बसत होते, हे आठवले की अजून पोटात गोळा येतो. सिरपने खोकला दाबला होता, आजार दाबला नव्हता. दगडखाणीत, वीटभट्टीवर, सूतगिरणीत, सफाईच्या कामावर असलेल्या माणसांनी तर दोन आठवडेही थांबू नये आणि आपल्या कामाची धूळ डॉक्टरांना सांगावी.

पाचव्या शीलाचे काय?

विहारातल्या एका आजीने मला विचारले, "बाई, या औषधात नशा आहे म्हणते पोरगी. मग घेतलं तर शील मोडत नाही का?" आजीने चार दिवस औषध घेतलेच नव्हते. माझी समज मी तिला सांगितली. आजार बरा व्हावा म्हणून, मोजून, सांगितले तितके दिवस घेतलेले औषध म्हणजे नशा नव्हे. झोप छान लागते, बरे वाटते म्हणून एक टोपण जास्त घेतले, तिथून मात्र शील मोडायला सुरुवात होते.

हे आजीपेक्षा आपल्या तरुण मुलांना सांगण्याची गरज आहे. वस्तीमागच्या मैदानात, नाल्याच्या कडेला सिरपच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या दिसतात. दारूचा वास येतो, याचा येत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. मुलगा दिवसा पेंगतो, जेवत नाही, पैसे मागतो, खिशात झाकणे सापडतात. असे दिसले तर त्याला चारचौघांत मारू नका. सवय लागली की तो आजार असतो आणि एकदम सोडताना त्रास होतो, म्हणून उपचार लागतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. चिठ्ठीशिवाय अशा बाटल्या विकणाऱ्या दुकानाची तक्रार मात्र महिला मंडळाने एकत्र जाऊन करावी. एकटी बाई गेली तर तिला हाकलतात.

पाठ करण्यासारखे सहा प्रश्न

दवाखान्यात आपण गप्प बसतो. डॉक्टर रागावतील असे वाटते. हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. हे औषध कशासाठी आहे, खोकला दाबायला की कफ सोडवायला?
२. यात कोडीन किंवा गुंगीचे काही आहे का?
३. किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस?
४. माझ्या चालू असलेल्या गोळ्यांसोबत चालेल का?
५. हे न घेता चालेल का?
६. काय झाले तर लगेच परत यायचे?

मागच्या पावसाळ्यात आमच्या महिला मंडळाने एका रविवारी प्रत्येकीला घरातली सिरपची बाटली घेऊन यायला सांगितले. वंदना झाल्यावर टेबलावर सगळ्या मांडल्या. अर्ध्या उरलेल्या, मुदत संपलेल्या, लेबल फाटलेल्या बाटल्या निघाल्या. एकीत तर खोबरेल तेल होते. शाळेतल्या मुलींनी लेबले वाचून दाखवली आणि दोन तासांत टेबल रिकामे झाले. ठेवायच्या म्हणून चारच बाटल्या परत घरी गेल्या. तुमच्या विहारातही येत्या रविवारी हे करून पाहा. एखादी नर्स, आशाताई किंवा फार्मसी शिकणारी मुलगी वस्तीत असतेच, तिला बोलवा. आणि कार्यक्रम झाला की प्रत्येक घरी फडताळावर एक चिठ्ठी चिकटवा : १०८, आणि खाली घरातल्या लहान मुलाचे वजन. मुलाला औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते आणि घाईच्या वेळी ते कोणालाच आठवत नाही.